काटकसरीचा हिशेब

प्रवासांत पैसा वांचविणें हा सद्गुण खरा. पण तो कोणाच्या जिवावर वांचवावा, हा प्रश्न आम्हांस अमेरिकेंत पडला. सन २०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां भाड्याच्या मोटारीनें ग्रँड कॅन्यन पाहावयास गेलों होतों. दुपारचें जेवण म्हणजे पाव आणि घरचें लोणचें. रात्रीचा मुक्काम लास व्हेगासला. कारण तेथें खोल्या स्वस्त. (त्या स्वस्त कां, तर जुगाराच्या टेबलाशीं माणसें यावींत म्हणून! आणि आम्ही नीतिशास्त्राचे अध्यापक!)

कोलोरॅडो नदीनें पन्नास-साठ लाख वर्षें कोरलेली ती मैलभर खोल दरी. उन्हें कललीं तशी खडकांची तांबूस छटा पालटूं लागली. सौभाग्यवती म्हणाल्या, "सूर्यास्त पाहूनच निघूं या." आम्ही घड्याळ पाहिलें. व्हेगास साडेचारशें किलोमीटर दूर, खोलीचे पैसे आगाऊ भरलेले. आम्ही निघालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

मोटारीमागें पस्तीस डॉलरांत सात दिवस आंत येण्याजाण्याची मुभा होती. आम्ही चार तास थांबलों. म्हणजे कवडीचुंबकाच्या हिशेबानेंहि आम्ही उधळेच! स्वतःची गरज आंखडणें ही काटकसर. दुसऱ्याचा आनंद आंखडून ती रक्कम आपल्या शहाणपणाच्या खातीं जमा करणें, याला काय म्हणावें? 'दोघांच्या सोयीसाठींच' हें उत्तर आम्ही वाटेंत तयार ठेविलें होतें. पण तें कोणीं विचारलेंच नाहीं.

खर्चाच्या वहींत त्या तारखेस 'दुसरी खोली घ्यावी लागली नाहीं' अशी नोंद आहे. अक्षर आमचें आहे.