पडद्याआडच्या दात्याचा सन्मान करावा काय?



देणगी कक्षात पावती लिहिताना अनेकदा एक वाक्य कानी येते : "नाव नको, गुप्तदान लिहा." या हाताचे दान त्या हाताला कळू नये, असे आपले वाडवडील सांगत आले, म्हणून आम्हीही तसेच लिहितो. परंतु मागे एका भजनी मंडळाने कार्यालयात येऊन आम्हास पेचात टाकले. पखवाज, वीणा, दिंडीचा प्रवासखर्च असे सारे वर्षानुवर्षे निमूटपणे पुरविणारे एक गृहस्थ निवर्तले होते. मंडळास त्यांचे नाव फलकावर कोरून हवे होते, आणि त्या गृहस्थांनी तर हयातभर नाव झाकून ठेवले होते. सन्मान करावा तर त्यांच्या इच्छेचा भंग, न करावा तर कृतघ्नता! अशा वेळी वाचनात आलेली अमेरिकेतील एका गायकमंडळाची हकीकत आठवली. तीत एक कोषाध्यक्ष आहे, आणि हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसाविषयी आम्हा कार्यालयातील मंडळींना थोडा अधिक जिव्हाळा वाटणे साहजिकच आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पुढच्याच वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे, सैन्याच्या जुन्या रुग्णालयाच्या बराकींमध्ये, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी एक विद्यालय सुरू झाले. त्यास जनरल फिस्क यांचे नाव देण्यात आले. पाच वर्षांतच बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढले आणि विद्यालय बंद पडण्याची वेळ आली. तेथील कोषाध्यक्ष जॉर्ज व्हाइट हे गौरवर्णीय गृहस्थ उत्तरेच्या सैन्यात लढलेले होते. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, तरीही हिशेब सांभाळून ते विद्यार्थ्यांना गाणे शिकवीत. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी, तिजोरीत उरलेली रक्कम प्रवासखर्चास घेऊन, नऊ गायकांसह ते निधी जमविण्यास बाहेर पडले. (आजचे लेखापरीक्षक यावर कोणता शेरा मारतील, याची कल्पना आम्हास आहे.)

सुरुवात खडतर होती. कित्येक ठिकाणी कृष्णवर्णीय म्हणून गायकांना उतरण्यास जागा मिळेना. त्याच दिवसांत शिकागो शहर अग्निप्रलयात होरपळले. तेव्हा जेमतेम हाती आलेली सुमारे पन्नास डॉलरची मिळकत या मंडळाने तेथील आपद्ग्रस्तांना देऊन टाकली. ज्यांच्या स्वतःच्या जेवणाची भ्रांत, त्यांनी दिलेले हे दान होते! पुढे मंडळास 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव मिळाले. प्राचीन यहुदी धर्मग्रंथात ज्या पन्नासाव्या वर्षी दासांना मुक्त करावे असे सांगितले आहे, त्या वर्षावरून ते घेतलेले आहे.

ते गात काय? आरंभी त्या काळच्या मैफलींतील प्रचलित गाणी. गुलामगिरीत पिचलेल्या आईबापांनी शेतात राबताना, रात्री चोरून प्रार्थनेस जमताना गायिलेली भक्तिगीते मात्र ते आपसांतच, दार लावून गात. ती त्यांना पवित्र वाटत, आणि त्यांत विसरावेसे वाटणारे दुःखही होते. व्हाइट यांच्या आग्रहाने ती हळूहळू सभागृहात आली आणि श्रोते हेलावून गेले. विसाव्या शतकात बहरलेल्या गॉस्पेल संगीताची मुळे या गीतांत आहेत. १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर आणि १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियासमोर हे मंडळ गायिले. जमलेल्या निधीतून नॅशव्हिल येथे भव्य वास्तू उभी राहिली व १८७६ च्या पहिल्या दिवशी तिचे लोकार्पण झाले. त्याच प्रवासात ग्लासगो येथे व्हाइट यांच्या पत्नीचे निधन झाले, आणि त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावली.

आता गुप्ततेकडे वळू. मंडळाची पियानोवादक एला शेपर्ड ही जन्माने गुलाम होती. वडिलांनी पैसे मोजून तिला सोडविले होते. मुलगी असताना सिनसिनाटी शहरात एका गौरवर्णीय शिक्षिकेने तिला पियानोचे धडे देण्याचे मान्य केले, पण एका अटीवर : रात्री यावे, मागील दाराने यावे, आणि कोणास सांगू नये. असे बारा धडे झाले. त्या बाईंनी विद्या दिली हे खरेच, आणि विद्यादान थोरच. परंतु तेथे झाकायचे होते ते दातृत्व नव्हते, शिष्या कृष्णवर्णीय आहे ही गोष्ट होती. गुप्ततेचे ओझे घेणाऱ्या मुलीच्या खांद्यावर पडले. दात्याने स्वतःच्या अहंकारावर पडदा टाकणे वेगळे, आणि घेणाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवणे वेगळे. गुप्तदानाचा विचार करताना हा भेद आपण क्वचितच करतो.

व्हाइट यांनाही देवत्व देण्याचे कारण नाही. त्यांची शिस्त कठोर होती, अखंड दौऱ्यांनी गायकांच्या प्रकृती ढासळल्या. त्या वास्तूचे खरे दाते कोण, असे विचारल्यास आम्ही त्या गायकांकडेच बोट दाखवू. वास्तूचे नावही 'ज्युबिली हॉल' असेच आहे. परंतु एलाने उतारवयात, १९११ मध्ये, मंडळाचा वृत्तान्त लिहिला तेव्हा कोषाध्यक्षांचे साह्य तिने मोकळेपणाने नोंदविले. तिला ते सांगता आले, कारण त्यांनी तिला मागील दाराने बोलावले नव्हते.

मंडळ राणीसमोर गायिले त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना त्यांनी तो अर्पण केला आहे. ज्यांना कधी पाहिले नाही त्यांचे ऋण मानण्यास त्यांनी कोणाची अनुमती मागितली नव्हती. कृतज्ञता हा घेणाऱ्याचा हक्क आहे, असे त्यावरून आमच्या मनात आले.

फिस्क विद्यापीठात ६ ऑक्टोबर हा दिवस दरवर्षी पाळला जातो. विद्यार्थी तीच गीते गातात आणि नॅशव्हिलमधील आद्य गायकांच्या समाधिस्थळी जातात.

आमच्यापुरते सांगावयाचे तर फलक लावला नाही. पावतीपुस्तकात त्या गृहस्थांच्या नोंदी 'गुप्तदान' म्हणूनच राहिल्या आहेत. मात्र त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीस मंडळाचे भजन झाले. आरतीपूर्वी वृद्ध पखवाजवादक उठून उभे राहिले, हा पखवाज आपणास कोणी दिला ते त्यांनी नावानिशी सांगितले, आणि पुन्हा बैठकीवर बसून थाप दिली. त्यांना कोणी अडविले नाही.

— कार्यालयीन सचिव