बुधवाऱ्यातल्या भाचीला, लॅपटॉप उघडण्याआधी

चि. छोटी हिस,


बाबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी तू स्वतः बसवणार, हे काल फोनवर ऐकलं आणि रात्रीच लिहायला बसले. फोनवरही सांगता आलं असतं. पण ज्या दिवशी तू खालचं झाकण काढशील त्या दिवशी फोन तुला फोटो काढायला आणि उजेड पाडायला लागेल, आणि लॅपटॉप तर पोट उघडं टाकून पडलेला असेल. कागद शेजारी ठेवता येतो. हे पत्र एकदा शेवटपर्यंत वाच, मगच पेचकस हातात घे.

दुकानात दे, असं बाबा म्हणतीलच. वीस वर्षं जळगावात हेच काम करणारी मी तुला सांगते, हे तुझ्या हातचं काम आहे, तासाभराचं. झाकण उघडण्याआधीचं काम मात्र तासाभराचं नाही. त्याला दोन दिवस काढ. मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

त्याला कारण आहे. तू तीन वर्षांची होतीस. २०११ च्या हिवाळ्यात आप्पा आजोबा आपल्या सगळ्यांना कुंडी भंडाऱ्यावर घेऊन गेले होते. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, सातपुड्याकडून जमिनीखालून झिरपत येणारं पाणी बोगद्यात धरून आपल्या बुऱ्हाणपुरापर्यंत कसं आणलं, वरून वेगवेगळ्या विहिरी वाटणाऱ्या कुंड्या आतून एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, हे आप्पा एका कुंडीच्या काठाशी उभं राहून सांगत होते. मधेच थांबून तुला कडेवर घेत होते. मी सगळं कॅमेऱ्यात घेतलं. आप्पांचं सलग इतकं बोलणं दुसरं कुठेही नव्हतं.

ते एकाच हार्ड डिस्कवर राहिलं. आप्पा गेल्यानंतरच्या वर्षी ती डिस्क एके दिवशी टक-टक करायला लागली. तो आवाज म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आवाज आला की लगेच बंद करा, पुन्हा चालू करू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत होते. स्वतःच्या वेळी मात्र मी ती पाच-सहा वेळा पुन्हा चालू केली, एखाद्या वेळी उघडेल या आशेने. आत माहिती वाचणारं हेड फिरत्या चकतीला घासत होतं. दर वेळी थोडं थोडं खरवडून जात होतं. शेवटी काहीच उरलं नाही. दुसरी प्रत मी केलेली नव्हती. दोष कुणाला देऊ?

म्हणून आधी प्रती. बाबांच्या लॅपटॉपमध्ये घरच्या लूमचे हिशोब आहेत, आजीचे फोटो आहेत, तुझ्या ताईच्या लग्नाचं चित्रण आहे. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरव, आणि हिशोबांची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी घे. हिशोब टॅलीत आहेत, त्यांचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घे. नुसतं फोल्डर उचलून ठेवू नकोस. मग त्या प्रती तुझ्या नव्या लॅपटॉपला लावून उघडून बघ. दहा फोटो उघड, एक चित्रण मधूनच चालवून बघ, मार्चचा हिशोब बघ. उघडून न बघितलेली प्रत मी प्रत धरत नाही. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो, तो आधी सरेंडर करून ठेव. नंतर पुन्हा चालू करता येतो. आणि सेटिंगमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू दिसलं तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिही. ती नसताना विंडोजने मागितली तर सगळं समोर असून आत जाता येत नाही.

आता डिस्कच्या तब्येतीकडे बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाक. हिरवट-निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं, किंवा डिस्क टक-टक करत असेल, तर क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करण्याच्या भानगडीत पडू नकोस. टक-टक ऐकू आली तर तिथेच बंद कर आणि मला फोन कर. मी पहिल्या गाडीने येईन.

तू विचारलंस की नुसती एसएसडी बसवल्याने यंत्राच्या वेगात इतका फरक का पडतो. खाली आपले माग चालताना बघ. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो तेव्हा बाणा पडतो. धोटा पोचल्याशिवाय पुढचं काही होत नाही. हार्ड डिस्कमधलं हेड तसंच आहे. चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, त्याआधी हेडने योग्य जागी सरकायचं. एका वेळेला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली ठिकठिकाणाहून मागवते, आणि दर फाइलीला ही ये-जा. एसएसडीत हलणारं काहीच नाही. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबात फुजिओ मासुओका यांनी जी फ्लॅश मेमरी शोधली, तिच्या चिपा आत बसवलेल्या असतात. माहिती मागितली की मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हजर. बिनधोट्याचा माग म्हण.

आपल्या घरात आणखी एक गोष्ट आहे. बाबांचं टेबल लूमच्या शेजारी. हेड आणि चकती यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसतं, आणि ते टेबल दिवसभर थरथरत असतं. ती डिस्क इतकी वर्षं टिकली हेच खूप. एसएसडीला थरथरीचं काही नाही. तरी टेबल हलवा असं मी बाबांना सांगणारच आहे, कारण रुईचे तंतू कुठल्याही यंत्रात जातात.

विकत काय घ्यायचं? बाबांचं यंत्र २०१७ सालचं, आत साटा जोडाची अडीच इंची डिस्क. तुला अडीच इंची साटा एसएसडी हवी. वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जाणार नाही, कारण साटाची वाटच तेवढी रुंद आहे. दुकानदार एम.टू एनव्हीएमई दाखवेल, ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. तुझ्या नव्या लॅपटॉपमध्ये, सरकारने बारावीच्या गुणांवर दिलेल्या २५,००० रुपयांतून घेतलास त्यात, तीच आहे. बाबांच्या यंत्रात तशी रिकामी फट असलीच तरी त्या काळातल्या पुष्कळ फटी फक्त साटा जातीची एम.टू घेतात, दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका उतरवून बघ. खात्री नसेल तर अडीच इंचीच घे. जाडी सात मिलिमीटर असते, जुनी साडेनऊची असेल तर सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावायची.

टीएलसी जातीची घे, क्यूएलसीपेक्षा ती जास्त लिखाण सोसते. पक्कं बिल घे. डब्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघ. नामांकित कंपनीच्या नावाने नकली माल येतो आणि तो पहिल्या आठवड्यात छानच चालतो. एक टीबीची घेतलीस तर विंडोज ९३१ जीबी दाखवेल, घाबरू नकोस, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. सोबत साटाची यूएसबी केबल घे.

हिशोब आणि प्रोग्रॅम जसेच्या तसे हवेत म्हणून क्लोन करायचं. नवी एसएसडी केबलने बाहेरून लाव, आणि एसएसडीच्या कंपनीचा क्लोनिंगचा प्रोग्रॅम चालव. इथे एक क्षण असा येतो की कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे तो विचारतो. उलटं निवडलंस तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्हींची नावं आणि आकार कागदावर लिहून ठेव आणि बोट ठेवून वाच. त्या वेळी घरात कुणाशी बोलू नकोस. चार्जर लावलेला आणि बॅटरीही भरलेली असू दे, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

उघडायचा दिवस लूम बंद असताना धर, पंखा बंद, टेबलावर पांढरी सुती चादर. शिफ्ट दाबून धरून शटडाउन कर म्हणजे यंत्र खरोखर बंद होतं. चार्जर काढ. पाठीचे स्क्रू निघतील ते एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्याच जागी चिकटपट्टीने लाव. हे कर बरं का, मी अजून करते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरून हात टेकतो तिथे फोड आणतो. रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो, डीव्हीडीचं खोकं असेल तर ते आधी बाहेर ओढायचं, त्याखालीही असतो. सगळे निघाल्यावर झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेने उचकव. ‘टक’ असा प्लॅस्टिकच्या खिट्टीचा आवाज येतो, तो चालतो. पण एका जागी अडलं तर जोर लावू नकोस. तिथे स्क्रू राहिलाय.

उघडल्याबरोबर पहिलं काम बॅटरीचा जोड सोडवणं. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. टेरिकॉटचा ड्रेस घालू नकोस. कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज तुला जाणवतही नाही आणि चिप मरते. अधूनमधून नळाच्या उघड्या धातूला हात लाव. आणि फोटो काढ, प्रत्येक पायरीचा.

जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसलेली असेल. ती आडवी सरकवून जोडातून सोडव, वर उचकू नकोस. चपटी केबल असेल तर तिच्या तोंडाशी बारीक खटका असतो, तो नखाने उचल, मगच केबल निघते. तो मोडला की खरंच दुकान गाठावं लागतं. चौकट एसएसडीला लाव, त्याच वाटेने सरकव. बोटांनी दाबून जे बसत नाही ते उलटं धरलेलं असतं. झाकण लावण्याआधी पंख्यातले तंतू मऊ ब्रशने काढ, पातं बोटाने धरून, म्हणजे ते गरगरणार नाही. आपल्या घरातल्या यंत्रात तिथे गादी भरण्याइतकी रुई निघेल.

बॅटरी जोडून चालू कर. आधी बायोसमध्ये जा आणि नवी डिस्क तिथे नावाने दिसते का बघ. दिसली म्हणजे हाताचं काम बरोबर झालं. दिसली नाही तर दहापैकी नऊ वेळा ती जोडात पुरती गेलेली नसते. पुन्हा बंद करून, बॅटरी सोडवून, नीट बसव.

विंडोज दहाचं नेहमीचं सुरक्षेचं अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि बाबांचं यंत्र सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एसएसडीने हे बदलत नाही. म्हणून हिशोब त्या यंत्रावर राहू देत, पण बँक आणि जीएसटीचं काम तुझ्या यंत्रावर करायला बाबांना शिकव. ते कुरकुरतील, तू शांतपणे दोनदा दाखव.

आणि एसएसडीबद्दलही एक सांगते, कारण हे विकताना कुणी सांगत नाही. ती जाताना आवाज करत नाही. हार्ड डिस्क निदान टक-टक करून इशारा देते. ही संध्याकाळी चालू असते आणि सकाळी नसते. शिवाय पुसलेल्या फाइली ट्रिम नावाच्या प्रक्रियेने आतूनच साफ होतात, मग माझ्यासारखीला त्या परत काढता येत नाहीत. डीफ्रॅग कधी करू नकोस, थोडी जागा रिकामी ठेव, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत घेत जा.

जुनी डिस्क लगेच पुसू नकोस. कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, आजीच्या लोखंडी कपाटात ठेव. दोन महिने सगळं सुरळीत चाललं तर पुढे बघू.

बाबा पुढच्या आठवड्यात सूत बघायला भुसावळला येणार आहेत ना? पेनड्राइव्हवरची ती दुसरी प्रत त्यांच्याजवळ दे, मी स्टेशनवर येऊन घेते. आप्पांचा एखादा फोटो किंवा आवाज कुठे सापडला, एखाद्या जुन्या फोल्डरात, तर तोही त्यात घाल. नीट शोध.

तुझी,
आत्या