परखड, फटकळ आणि नम्र विनंती

खरे बोलावे हे सगळेच धर्म सांगतात. पण ते खरे ऐकणाऱ्याला बोचणार असेल तर बोलावे की गिळावे, हा धर्मविचारातला जुना पेच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात त्यावर चार सूचना आहेत. खरे बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय असलेले खरे बोलू नये, आणि प्रिय असले तरी खोटे बोलू नये. वरवर पाहता तोल साधलेला दिसतो. प्रत्यक्षात तिसरी सूचना पहिलीला गिळून टाकते. जे ऐकून कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही, ते खरे बोलायला शास्त्राचा आधार लागतोच कशाला?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य आणि प्रिय यांच्या पंक्तीला ‘हित’ येऊन बसते. शिवाय बोलण्याने समोरच्याला उद्वेग होऊ नये अशी अटही आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर दुसरीच बाजू धरतो. गोड बोलणारे पैशाला पासरी मिळतात, कडू पण हिताचे सांगणारा विरळा आणि ते ऐकून घेणाराही विरळाच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. दोन्ही उपदेश कोण कोणाला करतो आहे ते पाहिले की विरोध बराचसा उलगडतो. मनूचा चौथा अध्याय गृहस्थाने समाजात कसे वागावे याचा आहे. तिथे शेजारधर्म टिकवायचा असतो. विदुर हा दासीपुत्र, आणि तो बोलतो आहे मुलाच्या मायेने आंधळ्या झालेल्या राजाशी. तिथे गप्प बसण्याची किंमत सगळ्या कुळाने मोजली.

या प्रश्नाचा सर्वांत नेटका उलगडा मात्र पाली वाङ्मयात सापडतो. मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमार सुत्तात अभय नावाचा राजपुत्र बुद्धाला कोंडीत पकडायला येतो. प्रश्न त्याला शिकवून पाठवलेला असतो. तथागत दुसऱ्याला न रुचणारे बोलतात का? ‘हो’ म्हटले तर सामान्य माणसात आणि बुद्धात फरक काय राहिला; ‘नाही’ म्हटले तर देवदत्ताला उद्देशून काढलेले कठोर उद्गार कोणाचे? बुद्ध म्हणतो, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अभयच्या मांडीवर त्या वेळी एक तान्हे मूल असते. बुद्ध त्यालाच उलट विचारतो: या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? राजपुत्र म्हणतो, काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरून उजव्या हाताचे बोट वाकडे करून काढीन, रक्त आले तरी चालेल, कारण मला या मुलाची कणव आहे.

मग बुद्ध बोलण्याचे प्रकार मांडतो. खोटे आणि अहिताचे तो कधीच बोलत नाही, गोड असो की कडू. खरे पण कोणाच्याच हिताचे नाही, तेही बोलत नाही. खरे आणि हिताचे असेल तर योग्य वेळ पाहून बोलतो, मग ते ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. वेळ पाहण्याची अट कडू बोलण्याइतकीच गोड बोलण्यालाही आहे. अवेळी केलेली स्तुतीही त्याने मोकळी सोडलेली नाही. आणि मनूने जो निकष मध्यभागी ठेवला होता, प्रिय की अप्रिय, तो इथे शेवटी येतो आणि त्यावर काहीच ठरत नाही.

न्यायदर्शनाने हाच विषय चर्चेच्या नियमांच्या अंगाने हाताळला. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादविवादाचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी दोन पक्षांनी पुराव्यानिशी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली, छलकपटालाही मुभा असलेली, तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढणे ही वितंडा. मराठीने यातली वितंडा ‘वितंडवाद’ म्हणून जशीच्या तशी ठेवली, जल्प विसरली, आणि ‘वाद’ या चांगल्या शब्दाची मात्र धूळधाण केली. आज ‘त्यांच्यात वाद आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बांध, भिंत किंवा कोर्टाची तारीख येते. न्यायाच्या वर्गीकरणात सूर कुठेच नाही. वादाची ओळख आवाजाच्या पट्टीवरून पटत नाही. समोरच्याचे पटले तर आपली बाजू सोडायची तयारी आहे का, यावरून पटते. म्हणूनच जुने ग्रंथकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडत आणि मगच स्वतःचे.

मराठीत याचे सर्वांत धीट उदाहरण एकनाथांचे आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या या ब्राह्मणाने ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या धर्माची लाज काढतात. तुर्क आपल्या दखनी हिंदुस्थानीत मूर्तिपूजेची आणि पुराणातल्या देवांच्या भानगडींची टिंगल करतो. हिंदू मराठीत उलट विचारतो की देव सगळीकडे आहे म्हणता, तर तोंड एकाच दिशेला का? कोणीही शब्द मऊ करत नाही. आजच्या काळात हे प्रयोगाला लावायचे तर आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल. आणि तरी संवाद संपतो तो गळाभेटीने. ही किमया सौम्य शब्दांची नाही, कारण सौम्य शब्द त्यात औषधालाही नाहीत. ती पाळीची आहे: एक बोलला की दुसरा बोलतो, आणि दुसऱ्याचा टोला तितकाच जोरकस असतो. दोन्ही तोंडांत शब्द एकनाथांनीच घातले हे खरे. पण विरोधकाच्या तोंडी लेचेपेचे शब्द न घालण्याइतका प्रामाणिकपणा त्यांनी पाळला. सभ्यतेचे माप शब्दांच्या मऊपणात घ्यायचे की प्रत्युत्तराला ठेवलेल्या जागेत, हा प्रश्न या रचनेने निकालात काढला आहे.

स्पष्टपणाची दुसरी बाजूही मराठी इतिहासात आहे. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांच्या छळाला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा आरोप करणारी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी प्रसिद्ध केली. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू निर्मळ होता, धैर्य वादातीत होते, भाषा सडेतोड होती. फक्त मजकूर खरा नव्हता. सडेतोड बोलणाऱ्याला नेमका हाच धोका असतो. आवाज चढला की बोलणाऱ्याला स्वतःलाच आपले म्हणणे अधिक खरे वाटू लागते. पुढे ‘सुधारक’ काढून आगरकरांनी जे लिहिले त्यासाठी पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण ते लेखन ऐकीव पत्रांवर नव्हे, तर्कावर उभे होते.

डॉ. आंबेडकरांचे १९३६ चे प्रकरण याहून बोलके आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. मंडळ सुधारकांचेच होते. भाषणाचा छापील मसुदा पाहून मात्र त्यांनी काही भाग गाळण्याची विनंती केली. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतःच पुस्तकरूपाने छापले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच. इथपर्यंतची हकिगत सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका छापली आणि तिच्या जोडीला आपले उत्तर. भाषेत त्यांनी तसूभर सवलत दिली नाही, पण विरोधकाला स्वतःच्या पुस्तकात जागा दिली. मंडळाची विनंती भाषेने कितीतरी सौम्य होती, आणि तिने एक भाषण होऊ दिले नाही.

सौम्य भाषेच्या या करामती पाहायला नवी मुंबईइतकी सोयीची जागा नाही. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ९५ गावांच्या जमिनीवर आखलेल्या या शहरात देशभरातून माणसे आली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांत एका जिन्याने चढू-उतरू लागली. भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या, भिंत मात्र सामायिक. अशा ठिकाणी भीड ही एक सार्वजनिक सोय होते. इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेच्या कपाटात सूचनाफलक असतो, आणि त्यावरच्या कागदाची सुरुवात ठरलेली: ‘सर्व सदस्यांना नम्र विनंती’. दुसऱ्या ओळीत ‘असे निदर्शनास आले आहे की काही सदस्य’ येते. कोणाच्या निदर्शनास आले ते लिहिलेले नसते. काही सदस्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे कोण, ते वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. शेवटची ओळ ‘अन्यथा’ने सुरू होते आणि दंडाच्या रकमेवर संपते. खाली सही: आदेशावरून. नम्रता, निनावीपणा आणि धमकी एका पानात बसवणारा हा वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याला उत्तर देण्याची सोय नाही, कारण कपाटाला कुलूप असते.

याच शहराच्या पोटात गावठाणे आहेत. तिथली आगरी आणि कोळी बोली तोंडावर बोलणारी. वडीलधाऱ्यालाही एकेरीत हाक मारण्यात तिथे अवमान नसतो, उलट आपलेपणा असतो. सेक्टरमध्ये राहायला आलेल्याला पहिल्यांदा हे कानाला खटकते आणि ‘ही माणसे उद्धट’ असा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो. गावठाणातल्या माणसाला ‘आपण जरा बघून घ्याल का’ ही शहरी विनवणी तितकीच संशयास्पद वाटते: याला काहीतरी हवे आहे आणि हा ते सांगत नाही. या बोलीवर आगाऊपणाचा शिक्का मारणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की अर्ज-विनंत्यांची भाषाही या गावांनी वापरून पाहिली होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यानंतरच्या काळात विकसित भूखंडाची साडेबारा टक्के योजना आली.

खरे तर मराठीचा शब्दसंग्रहच या बाबतीत पुरेसा पक्षपाती आहे. तेच वाक्य तोच अर्थ घेऊन दोन तोंडांतून निघाले तर एकाला ‘परखड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘फटकळ’. निवृत्त न्यायाधीश, संपादक, घरातले मोठे काका हे परखड असतात. सून फटकळ असते, घरकामाची बाई तोंडाळ असते, नवा भाडेकरू आगाऊ असतो. स्वर मोजला जातो तो बोलणाऱ्याच्या पायरीवरून. त्यामुळे ‘जरा नीट बोला’ हा आग्रह कोण कोणाला करते आहे हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हणही पिचलेल्यांच्याच अनुभवातून आलेली असावी.

निनावी स्पष्टपणाचाही एक मान्य प्रकार आहे. नवी मुंबई आणि रायगड पट्ट्यात श्रीसमर्थ बैठकांतून दासबोधाचे निरूपण चालते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खांच्या लक्षणांचा आहे आणि रामदासांनी त्यात कोणाचीही गय केलेली नाही. श्रोते तो शांतपणे ऐकतात, कारण बोट कोणाकडेच रोखलेले नसते आणि प्रत्येकाला आपला शेजारी आठवत असतो. सूचनाफलकाशी याचे साम्य वरवरचे आहे. समर्थ ही लक्षणे ऐकणाऱ्याने सोडून द्यावीत म्हणून सांगतात. तिथे ‘अन्यथा’ नाही.

लोकरीतीने हा पेच वर्षात वाटून टाकला आहे. जानेवारीत संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याचे वचन मागायचे, आणि दोनेक महिन्यांत शिमग्याला होळीपुढे उभे राहून बोंब मारायची. नवी मुंबईतल्या दिवाळेसारख्या कोळीवाड्यांत होळी हा मोठा सण. शिमग्याची शिवी मनावर घ्यायची नसते, तसेच तिळगुळाचे वचनही फार मनावर घेतले जात नाही. दोन्ही दिवस ठरलेले असल्याने कोणाचे खरे आणि कोणाचे रिवाजाचे हे विचारायची पाळी येत नाही.

सोसायटीला मात्र असा ठरलेला दिवस एकच असतो. कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. वर्षभर फलकावर नम्र विनंती वाचलेले सदस्य त्या संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये किंवा पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. हिशेबाचे पान उघडले की गळतीचा, पाण्याचा, पार्किंगचा विषय निघतो, कोणीतरी उभे राहते, आणि ‘काही सदस्यां’ना प्रथमच नावाने हाक मारली जाते. त्या सदस्यालाही तेव्हाच प्रथम उत्तर देता येते. अर्धा तास आरडाओरडा होतो, मराठी, हिंदी आणि मल्याळम एकमेकांत मिसळतात, चहा थंड होतो. त्यानंतर बहुधा गळतीचा खर्च कोणी द्यायचा ते ठरते. सचिव घरी जाऊन इतिवृत्त लिहितात: सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.