मेसॉन आधी कुठे होता?

धुळ्याला बी.एस्सी.च्या वर्गावर अणुकेंद्राचा भाग शिकवताना एका मुलीने विचारले होते, “मॅडम, फोटॉन प्रोटॉनवर आदळला की मेसॉन बाहेर येतो. मग तो आधी आतच होता का?”

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अमळनेरला प्रतापशेठांनी 1916 साली उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात मलकानींसारख्या वेदान्त्यांनी आयुष्य घालवले, ते तत्त्वचिंतनात. कार्यकारणाबद्दल सांख्य सांगतात, तेल तिळात असते म्हणूनच निघते, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, कार्य नव्याने आरंभते, ते आधी नसते.

मी नैयायिकांच्या बाजूची, आणि त्याचे कारण एक आकडा. 1950 साली बर्कलीत स्टाइनबर्गर, पानोफ्स्की आणि स्टेलर यांनी फोटॉनच्या माऱ्यातून उदासीन पायॉन हा मेसॉन मिळवला. त्याचे वस्तुमान ऊर्जेच्या हिशेबात 135 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, पण स्थिर प्रोटॉनवर सोडलेल्या फोटॉनजवळ सुमारे 145 लागतात. वरचे दहा कशाला? टक्कर झाल्यावर प्रोटॉन आणि पायॉन दोघांनाही पुढे सरकावे लागते, संवेग कुठे नाहीसा होत नाही. म्हणजे पायॉनचे वस्तुमान भरले जाते ते येणाऱ्या ऊर्जेतून. पायॉनच्या जन्मानंतरही प्रोटॉन प्रोटॉनच राहतो, त्यातून काही कमी होत नाही. आणि एकटा फोटॉनही निर्वात पोकळीत पायॉन घडवू शकत नाही. कुणा एकाच्या पोटात तो नव्हता.

पायॉन दिसतही नाही. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा कोटीवा भाग पुरा होण्याआधी तो फुटतो, बहुधा दोन फोटॉनांत. शोधक यंत्र ते दोन पकडते आणि आपण मागे जाऊन म्हणतो, इथे पायॉन होता. येणाऱ्या फोटॉनची ऊर्जाही अशीच कळते: ज्या इलेक्ट्रॉनने त्याला जन्म दिला, त्याची उरलेली ऊर्जा मोजायची आणि मूळ ऊर्जेतून वजा करायची. न्यायशास्त्रातले शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे, अनुमान मला इथे प्रयोगशाळेत उभे दिसते. अनुमानाला दुय्यम प्रमाण मानणाऱ्यांनी हे मोजमाप एकदा समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रोटॉनऐवजी न्यूट्रॉनवर फोटॉन सोडायचा तर गोष्ट अवघड. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत विघटित होतो, त्याचे लक्ष्य मांडता येत नाही. म्हणून ड्यूटेरियम घेतात आणि त्यातल्या प्रोटॉनला शक्यतो साक्षी समजून न्यूट्रॉनचे माप काढतात. न्यूट्रॉन केंद्रकात आधीच हलत असतो, त्या हालचालीचाही हिशेब करावा लागतो.

याच मापांनी माझ्या पक्षाला धक्का दिला. ग्रेनोबल, बॉन आणि माइन्झ इथल्या प्रयोगांत इटा मेसॉन निर्माण करताना न्यूट्रॉनवर सुमारे 1.67 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एकूण ऊर्जेपाशी आलेखात एक अरुंद उंचवटा दिसला. प्रोटॉनवर तसा नाही. प्रकाश तोच, मेसॉन तोच, मग फरक आला कुठून? इथे सांख्यांचे म्हणणे ऐकावेच लागते: काय निर्माण होते हे ज्यावर मारा होतो त्या कणाच्या अंगच्या शक्तीवरही ठरते. मेसॉन आत नव्हता, पण त्याच्या जन्माची रीत आत होती, असे मी आज म्हणेन. त्या उंचवट्यामागे न्यूट्रॉनची एखादी नवी अवस्था आहे की जुन्याच अवस्थांचे व्यतिकरण, यावर भौतिकशास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही.