एकाच्या पायी दुसरीचं नुकसान?



दुबई-अबुधाबीच्या बहुतेक शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्यामुळे आपली आखातातली मंडळी गावी येतात ती भर पावसात, आंबे संपल्यावर. रविवारच्या मिस्सानंतर छत्र्या झटकत भेटायला येतात, खजुराचा डबा पुढे करतात, आजारी आईवडिलांसाठी प्रार्थना करायला सांगतात आणि घाईने निघतात. मागच्या पावसाळ्यात असेच एक जोडपे आले. डबा टेबलावर ठेवला आणि दोघेही बराच वेळ काही न बोलता बसून राहिले.

त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, हे लिहितो आहे. त्यांना दोन मुले. मुलगी दहा वर्षांची, अभ्यासात हुशार. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. मोजके शब्द बोलतो, मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवतो. वडिलांची मस्कतहून दुबईला बदली झाली होती आणि दोन्ही मुलांसाठी ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा शोधणे चालू होते. दोन शाळा नजरेत होत्या. पहिलीचा निकाल उत्तम, सरकारी तपासणीत सर्वांत वरचा शेरा. तिने मुलीला लगेच प्रवेश देऊ केला. मुलाच्या बाबतीत मात्र आधी 'कळवतो' आणि मग 'त्याला योग्य अशी सोय आमच्याकडे नाही' असे उत्तर आले. दुसरी शाळा मध्यम. निकाल बरे, इमारत जुनी. ती दोघांनाही घ्यायला तयार होती. फक्त मुलासोबत अर्धा दिवस सहायक लागेल आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा.

वडील म्हणाले, "फादर, एकाच्या पायी दुसरीचं नुकसान करायचं का?"

आई खाली बघत होती. ती म्हणाली, "मी ह्याला घेऊन इथंच राहते. ती दोघं जाऊ देत तिकडे."

सेमिनरीत मी तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, पुढे त्यातच पदवी घेतली. न्याय म्हणजे काय यावर कोणी विचारले तर तासभर बोलू शकतो. त्या दिवशी जीभ उचलली नाही. त्याला एक कारण होते, आणि ते तुम्हांला सांगायला हवे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेचा कारभार माझ्याकडे होता. जून महिन्यात एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्या कार्यालयात आली. मुलगा सहा-सात वर्षांचा, बोलत नव्हता. माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट हातात घेऊन तो उजेडात फिरवत बसला. मी चहा मागवला, आवाज मऊ ठेवला आणि म्हणालो, "आमच्याकडे तशी सोय नाही हो." बाईंनी अर्जाची घडी घातली, पेपरवेट मुलाच्या हातून सोडवून जागेवर ठेवला आणि त्या गेल्या. वाक्य खरे होते. सोय नव्हतीच. पण ती का नव्हती, करता आली असती का, याचा मी पाच मिनिटेही विचार केला नव्हता. खरे बोलूनही माणूस खोटे वागू शकतो, हे मला त्या दिवशी कळले नाही, नंतर कळले. म्हणून दुबईतल्या त्या पहिल्या शाळेवर रागावण्याचा अधिकार मला फारसा नाही.

आता थोडे त्या ब्रिटिश अभ्यासक्रमाविषयी. आपल्याकडे त्याचे नाव काढले की लोकांना फी आणि टाय आठवतो. फी आहेच. दुबईत स्वस्तातल्या शाळेत वर्षाला वीस हजार दिरहमच्या आतबाहेर, महागड्यांत लाखाच्या पुढे. तरीही तिथल्या खासगी शाळांत सर्वांत जास्त मुले याच अभ्यासक्रमाची आहेत, त्याखालोखाल आपल्या भारतीय अभ्यासक्रमाची. कारण सरळ आहे. बापाची बदली मस्कतहून दुबईला किंवा दुबईहून सिंगापूरला झाली तरी मुलाची इयत्ता आणि पुस्तके फारशी बदलत नाहीत. दुसरे, या पद्धतीत मूल साधारणपणे वयाप्रमाणे वरच्या वर्गात जाते. नापास करून धाकट्या मुलांत बसवण्याची रीत नाही. सोळाव्या वर्षी जीसीएसई किंवा आयजीसीएसई, अठराव्या वर्षी बहुधा तीनच विषय घेऊन ए लेव्हल. संथ चालणाऱ्या मुलाच्या आईबापांना यात थोडा दिलासा वाटतो.

पण हा दिलासा तिथेही आपोआप आलेला नाही. इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत काही मुलांवर 'शिकवता न येणारी' असा शिक्का मारून त्यांना शिक्षण खात्याऐवजी आरोग्य खात्याच्या ताब्यात देत. १९७४ साली सरकारने एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिले मेरी वॉर्नॉक यांना. त्या डॉक्टर नव्हत्या, नीतिशास्त्र शिकवणाऱ्या तत्त्वज्ञ होत्या. (याच बाईंच्या दुसऱ्या एका समितीने १९८४ साली मानवी भ्रूणांवरील संशोधनाविषयी जे मत दिले ते आपल्या ख्रिस्तसभेला मान्य झाले नाही, मलाही नाही. पण एका ठिकाणी चुकलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी बरोबर असू शकतो.) १९७८ च्या त्यांच्या अहवालाचा गाभा असा की शिक्षणाचे हेतू सर्व मुलांसाठी एकच आहेत, तिथवर पोहोचायला लागणारी मदत मात्र प्रत्येकाला वेगळी लागते. शिवाय पाचांतल्या एका मुलाला शालेय आयुष्यात कधी ना कधी अशी जादा मदत लागते, असेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे 'ती मुले' आणि 'आपली मुले' अशी भिंत मुळात नाहीच. १९८१ च्या कायद्याने हा विचार तिथल्या शाळांत आणला.

याच वॉर्नॉक बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर, २००५ साली, एक पुस्तिका लिहून आपल्याच कामाची झडती घेतली, हे मला अधिक मोलाचे वाटते. सर्वांना एकाच शाळेत आणण्याच्या उत्साहात काही मुले वर्गात बसूनही एकटी पडली, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुष्कळ वाद झाला. पण विरारची लोकल पकडणाऱ्या माणसाला तो मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते. चौथा माणूस 'बसलेला' असतो. त्याचा एक पाय वाटेत, अर्धे अंग हवेत, आणि वळण आले की आधी तो सरकतो. अनेक शाळा स्वतःला समावेशक म्हणवतात आणि मुलाला चौथी सीट देतात.

दुबईत कायदा कमी पडतो असे म्हणता येणार नाही. अमिरातीच्या २००६ च्या कायद्यानुसार अपंगत्व हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. २०१७ साली दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाने समावेशक शिक्षणाचे धोरण आणले आणि त्याच वर्षी अशा व्यक्तींना 'निर्धाराची माणसे' म्हणण्याची पद्धत तिथे सुरू झाली. नाव चांगले आहे. पण 'सोय नाही' हे वाक्य कायद्यापेक्षा चपळ आहे, हे मी स्वतःच्या टेबलामागून पाहिले आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. मी तो मनात बरेच दिवस घोळवला. एकाच्या पायी दुसरीचे नुकसान. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एक भेद सांगितला आहे, तो सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या बदल्यात दुसरे काही घेता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेची अदलाबदल होत नाही. वडिलांच्या वाक्यात मुलगा मुलीच्या खात्यावरचा खर्च झाला होता. ते वाईट गृहस्थ नाहीत. रात्री दोनदा उठून मुलाला पांघरूण घालणारा बाप आहे तो. पण हिशेबाची भाषा अशीच असते, ती न सांगता घरात शिरते.

मात्र हाच कांट दुसऱ्या बाजूनेही बोलतो, आणि इथे धर्मगुरू मंडळी सहसा घसरतात. 'भावासाठी बहिणीने त्याग करावा' असे प्रवचनात म्हणणे सोपे आहे. दहा वर्षांच्या मुलीला भावाची आया करणे म्हणजे तिचा साधन म्हणून वापर करणे. तिची बुद्धी, तिचे मैत्रिणी मिळवण्याचे दिवस हेही देवानेच दिले आहेत. आपल्या घराघरांत अशा मोठ्या बहिणी आहेत, ज्यांना कोणी कधी विचारले नाही. म्हणून दुसऱ्या शाळेत मुलीचे खरोखर नुकसान होत असेल, तर ते नुकसानच आहे. त्याला पुण्य म्हणून झाकू नये.

प्रश्न उरतो की नुकसान नेमके कशाचे. तीन-चार टक्के निकालाचे? अॅलस्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने, जे २०२५ साली निवर्तले, १९९९ च्या एका पुस्तकात साधीच गोष्ट मांडली: तत्त्वज्ञ माणसाची कल्पना करतात ती नेहमी धडधाकट, स्वावलंबी माणसाची. प्रत्यक्षात आपण प्रत्येकजण आयुष्याच्या सुरुवातीला दुसऱ्याच्या हातावर असतो, बहुधा शेवटीही असतो, आणि मधल्या काळात केव्हाही होऊ शकतो. मग दुसऱ्याच्या गरजेला सामोरे जाणे हे अभ्यासाबाहेरचे कसे? ज्या शाळेत सगळी मुले एकाच वेगाची, त्या शाळेने मुलीला माणसांविषयी एक चुकीची माहिती दिलेली असेल, आणि ती कोणत्याही परीक्षेत पकडली जाणार नाही. जाता जाता एक सांगतो. ज्यांच्या मुलांना जादा मदत लागत नाही, त्या पालकांनीही शाळा निवडताना हा विचार करायला हरकत नाही. 'तिथे तसली मुले नाहीत ना?' हा प्रश्न मी आपल्याच धर्मग्रामात ऐकला आहे.

आईने सुचवलेल्या तिसऱ्या वाटेविषयी मी जास्त बोललो नाही. गावी आजी आहे, ती त्याच्याशी सामवेदीत बोलते आणि त्याला ते कळते. त्याचे मोजके शब्द मात्र इंग्रजी. ही ओढाताण खरी आहे. पण बापापासून मुलगा आणि मुलीपासून आई तोडून ज्याला आपण 'सोय' म्हणतो, ती कोणाची सोय, एवढेच मी विचारले.

मग आम्ही कामाचे बोललो. दुसऱ्या शाळेचा तपासणी अहवाल वाचा, वरचा शेरा सोडून आतले पान वाचा, 'निर्धाराच्या' मुलांची प्रगती कशी आहे ते. अहवाल कोणत्या वर्षाचा ते बघा, कारण २०२४-२५ पासून दुबईत बहुतेक शाळांच्या पूर्ण तपासण्या थांबल्या होत्या. सहायकाचे तास आणि पैसे लेखी मागा. वर्गशिक्षिका स्वतः त्याला शिकवणार की सहायक आली म्हणून त्याच्याकडे पाठ करणार, हे सरळ विचारा. आणि शक्य झाल्यास मधल्या सुट्टीत जा. वर्ग पाहुण्यांसाठी सजवता येतो, मधली सुट्टी सजवता येत नाही.

निघताना मी विचारले, "मुलीला विचारलंत का?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विचारले नव्हते.

सप्टेंबरमध्ये आईचा फोन आला. दोघांना दुसऱ्या शाळेत घातले होते. प्रवेशापूर्वी ती मधल्या सुट्टीत कुंपणाशी उभी राहून आली होती. एक मुलगा भिंतीकडेला बाटल्यांची झाकणे ओळीत लावत होता आणि दुसरा त्याच्या शेजारी बसून मध्येच एखादे झाकण ठेवत होता. पहिला ते काढून टाकायचा, दुसरा पुन्हा ठेवायचा. शिक्षिका लांबून बघत होती, मध्ये पडली नाही. "तेवढं बघून मी नाव घातलं," ती म्हणाली.

मुलीलाही विचारले होते. मुलीने एकच प्रश्न केला: "बसमध्ये मला त्याच्या शेजारी बसावं लागेल का?" आईला रडू आले. मला मात्र तो प्रश्न प्रामाणिक वाटला. आईने तिला सांगितले, नाही, लागणार नाही.

दोघे एकाच बसने जातात. ती पुढे मैत्रिणींबरोबर बसते, तो मागे सहायकाजवळ. उतरताना ती त्याच्यासाठी थांबते की नाही, हे मी विचारले नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू