हरलेल्याचं देणं

मार्च महिना अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा. ६८ संघ उतरतात आणि जो हरला तो त्याच रात्री घरी. स्पर्धा सुरू होण्याआधी लाखो माणसं कोण कुणाला हरवणार याचा तक्ता भरून मोकळी होतात. ऑफिसात वर्गणी काढून पैजाही लागतात.

१६ मार्च २०१८च्या रात्री शार्लट शहरात यातले बहुतेक तक्ते केराच्या टोपलीत गेले. अव्वल मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने ७४-५४ असं हरवलं. बाल्टिमोरजवळच्या या विद्यापीठाचं नाव तोवर बास्केटबॉलपेक्षा बुद्धिबळासाठी अधिक घेतलं जाई. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल आणि सोळावा यांची गाठ आधी १३५ वेळा पडली होती आणि प्रत्येक वेळी अव्वलच जिंकला होता. (महिलांमध्ये हार्वर्डने हा पराक्रम १९९८मध्येच केला होता, पण बायकांच्या विक्रमांची आठवण लोकांना उशिरानेच होते.)

व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी सामना संपताच कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की आम्ही साफ हरलो, लढतसुद्धा झाली नाही. त्यांचा एक मोहरा, डिआंद्रे हंटर, दुखापतीमुळे बाहेर होता. सबब तयार होती, त्यांनी ती पुढे केली नाही.

काइल गाय हा त्यांचा विशीतला खेळाडू. या पराभवानंतर खेळाडूंना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, हे त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे लिहिलं. आपल्याला चिंतेचा विकार आहे, हेही लिहिलं. मला राग येतो तो इथे. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे कमाईची मुभा नव्हती. म्हणजे पोराने फुकट खेळायचं, आपण त्याच्यावर पैसा लावायचा आणि बुडाला की त्याच्याच नावाने बोटं मोडायची! पैज लावताना त्याला कुणी विचारलं होतं? दोनच महिन्यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सट्टेबाजी कायदेशीर करण्याची वाट मोकळी करून दिली. आता तर एकेका खेळाडूच्या गुणांवर आणि रिबाउंडवर फोनवरून पैसे लागतात. संघ जिंकूनही ‘तुझ्यामुळे माझे पैसे गेले’ अशा शिव्या पोरांना खाव्या लागतात.

आपण हे नाक मुरडत वाचू नये. २०२२च्या आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला, त्या रात्री त्याला ज्या शिव्या पडल्या, त्यातल्या काही इथल्याही फोनांवरून.

गायने पुढे केलं ते और होतं. प्रतिस्पर्धी जल्लोष करताहेत आणि आपण वाकून उभे आहोत, हा त्या रात्रीचा फोटो त्याने स्वतःच्या फोनच्या पडद्यावर लावला. २०१९च्या उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना, दोन गुणांनी मागे असताना, त्याने तिन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेता झाला. पण समजा एक थ्रो हुकला असता, तरी धमक्या देणाऱ्यांचं तो काही देणं लागत नव्हता.

आणि यूएमबीसीचे त्या रात्रीचे प्रशिक्षक रायन ओडम? २०२५मध्ये व्हर्जिनियाने त्यांनाच आपल्या संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमलं.