सही

एकाने आपल्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन केला, म्हणजे तो शब्द कोणाचा झाला? हा प्रश्न पंडितांच्या सभेत निघाला असता तर मी खुशाल डुलकी घेतली असती. परंतु तो निघाला लालबागच्या एका चाळीत, चहाचे कप मध्ये ठेवून. आणि त्याचा निवाडा करण्याची पाळी माझ्यावर आली.

माझा भाचा पॉडकास्ट करतो. वडीलधाऱ्या वाचकांसाठी सांगतो, की हा रेडिओवरच्या मुलाखतीसारखाच प्रकार आहे. मात्र ऐकणाऱ्याला घड्याळाकडे पाहावे लागत नाही आणि करणाऱ्याला आकाशवाणीचा उंबरठा झिजवावा लागत नाही. त्याचा विषय गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला आणि कोणी कधी रीतसर मागे न घेतलेला तो संप. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतले जे उरले आहेत ते आता सत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला, ते पुस्तक २००४ साली निघाले. त्यालाही आता वीस वर्षे उलटली. भाच्याची घाई मला समजते.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गिरणी कामगार आहेत. सारी चाळ त्यांना तात्या म्हणते. भाच्याने त्यांच्यापुढे प्रथम ध्वनिग्राहक ठेवला नाही, कागद ठेवला. इंग्रजी, दोन पानी, कुठल्याशा अमेरिकन नमुन्यावरून उतरवलेला. तुमचा आवाज, तुमचे नाव आणि तुमचे छायाचित्र मला वापरू द्या. हवे तेथे कापू द्या, जोडू द्या. मोबदला मागू नका. पुढे दावा करू नका. आणि हे सारे कायमचे व संपूर्ण विश्वात. पृथ्वीवर भागले नाही म्हणून विश्व! मी हसलो, पण कागद अगदीच वेडगळ नव्हता. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याकडे जातो आणि साठ वर्षे टिकतो. परंतु बोलणाऱ्याचे खासगी आयुष्य त्याबरोबर विकले जात नाही. संमतीवाचून कोणाचे घरगुती जीवन चव्हाट्यावर मांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ऑटो शंकरच्या खटल्यात सांगितले. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. उद्या कोणी नोटीस पाठवली तर पोराच्या हाती काही असायला नको का?

तात्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "इंग्रजी कागदावर एकदा सही केली होती, बाळ. स्वेच्छानिवृत्तीच्या. साहेब म्हणाला, कर सही, पैसे मिळतील. स्वेच्छा कोणाची ते अजून कळलं नाही." तरीही त्यांनी सही केली, कारण समोरचा पोरगा त्यांनी चड्डीत असल्यापासून पाहिलेला. मग दोन तास बोलले. खात्यातला कापसाचा कचरा, खानावळ, गावी पाठवलेली बायकामुले, संपातली उपासमार; आणि बोलता बोलता, कोणी विचारलेही नसताना, संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगून गेले. सात मिनिटांची. ती काय होती हे मी येथे लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, तेवढं काढायला सांगा. मुलाला ठाऊक नाही."

भाचा दुष्ट नाही. त्याचे म्हणणे असे: "मामा, संपाबद्दल सगळे शौर्यच सांगतात. पोटाने माणसाला काय करायला लावलं, ते एकट्या तात्यांनी सांगितलं. हीच सात मिनिटं खरी आहेत. आणि सही आहे."

सही आहे! शाळेत प्रगतिपुस्तकावर मी वर्षानुवर्षे पालकांच्या सह्या घेत आलो आहे. त्यांतल्या किती वाचून केलेल्या असतात ते मला ठाऊक आहे, आणि काही तर विद्यार्थ्यांनीच केलेल्या असतात. आपला करारांचा कायदा १८७२ चा, इंग्रजांनी केलेला; पण त्याच्या तेराव्या कलमातली संमतीची व्याख्या मला फार आवडते. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे, याचे नाव संमती. तात्यांनी मान्य केले ते ओळखीच्या पोराशी गप्पा मारणे; कागदाने मान्य करून घेतले ते विश्व. शिवाय सही आधी आणि बोलणे नंतर. आपण काय बोलणार हे माणसाला बोलण्यापूर्वी कोठे ठाऊक असते? तो कोऱ्या कागदावरचा अंगठाच झाला. कॉपीराइटचा कायदा त्या मानाने समंजस: हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर पाचच वर्षे धरावी, प्रदेश घातला नसेल तर भारतापुरते धरावे, असे तो म्हणतो. नमुना उतरवणाऱ्यांना मात्र कायमचे हवे असते.

हे सारे मी भाच्याला सुनावणार होतो. पण जीभ रेटेना. माझ्या एका कादंबरीत एक विधवा आहे. तिच्या तोंडचे एक वाक्य वाचकांनी फार वाखाणले. ते माझे नव्हे. गिरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी ते माझ्या आईपाशी, रात्री जिन्यात बसून, रडत म्हटले होते. मी दाराआड होतो. पुस्तक निघाले, चाळीत फिरले, आणि त्या दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचे ताट आले नाही. नंतरही कधी आले नाही. नाव बदलले होते, गाव बदलले होते. पण वाक्य तेच होते, आणि ज्याचे असते त्याला ते ओळखू येते. मी त्याला कला म्हणत होतो. भाच्याने निदान कागद तरी पुढे केला. मी तेवढेही केले नव्हते.

म्हणून मी त्याला एवढेच म्हणालो, की नवा कागद कर, मराठीत कर, एका पानाचा कर, आणि बोलणे ऐकवून झाल्यावर सही माग. तो कुरकुरला. पण चिवडा गल्लीतून फराळाचा पुडा घेऊन आम्ही दोघे पुन्हा तात्यांकडे गेलो. त्याने सारे मुद्रण त्यांना ऐकवले. सात मिनिटे आली तेव्हा तात्या गॅलरीकडे पाहत राहिले. संपल्यावर भाचा म्हणाला, "आजोबा, पुसून टाकू?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुसू नको. झालं ते झालं होतं. पण वाजवूही नको."

भाच्याने नव्या कागदावर पाच वर्षांची मुदत घातली होती. तो म्हणाला, "पाच वर्षांनी पुन्हा विचारायला येईन."

"तोवर मी असेन का?"

"नसलात तर तुमच्या मुलाला विचारीन."

"अरे, त्यालाच तर सांगायचं नाही!"

कागदावर यासाठी रकाना नव्हता. भाचा माझ्याकडे पाहू लागला आणि मी चिवड्याच्या पुड्याची गाठ सोडू लागलो. शेवटी तात्यांनीच पेन मागून घेतले, आणि कागदाच्या तळाशी, गिरणीत हजेरी लिहीत असावेत तशा ठसठशीत अक्षरांत, स्वतः लिहायला सुरुवात केली.